नेकनूरच्या गुदामातल्या मिसरी पेट्या

मोडलेल्या वस्तू जोडणाऱ्या माणसाकडे दोन गोष्टी साठत जातात: कुठेच न बसणारे तुकडे आणि किस्से. तुकडे निदान टोपलीत तरी राहतात. किस्से मात्र चार माणसं जमली की बाहेर पडतात!

विलायतेत एका म्युझियममध्ये मी जुन्या वस्तू जोडायचं शिकलो. परत आलो तो एका हट्टाने, की तिथे जमतं ते आपल्या मुलखातही जमलंच पाहिजे. त्याच सुमारास आमच्या भागातले एक जहागीरदार, ज्यांना सगळे 'सरकार' म्हणत, विलायतेहून येताना वाटेत मिसर देशात, म्हणजे इजिप्तमध्ये, उतरले आणि एका व्यापाऱ्याकडून चार खोकी घेऊन आले. आत होते हजारो वर्षांपूर्वीच्या शवपेट्यांचे तुकडे. चोरांनी थडगं फोडलं, सोन्याच्या पत्र्यापायी पेट्यांचा चुराडा केला आणि उरलेलं विकलं.

सरकारांनी मला नेकनूरचं गुदाम दिलं आणि मुदतही दिली.

"दसऱ्यापर्यंत एक पेटी पुरी उभी करा, मास्तर. झाली तर सगळं इथंच राहील. न्हाई झाली तर दोस्तांत वाटून टाकतो. झाकणावरच्या मुखवट्यासाठी तर तलवाड्याच्या देशमुखांनी आधीच माझा शब्द घेतलाय!"

थडगं एकदा लुटलं होतं. आता ते दुसऱ्यांदा लुटलं जाऊ नये, म्हणून मी बाह्या सरसावल्या.

*

खोकी आणताना नाक्यावरच्या कारकुनाने गाड्या अडवल्या. सोबत सरकारांचे मुन्शी कादरमियाँ होते.

"काय हाय आत?"

"पेट्या," मुन्शी म्हणाले.

"कशाच्या?"

"मुडद्यांच्या."

"मुडदे कुठं हायत?"

"चोरांनी नेले."

कारकुनाने लगेच दौत पुढे ओढली. मुडदे चोरीला गेले म्हणजे पंचनामा आलाच! मी त्याला मिसरचा इतिहास सांगू लागलो. तो ऐकेना. शेवटी कादरमियाँनी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला मागे सारलं आणि म्हणाले, "साहेब, गुन्हा तुमच्या हद्दीत घडला न्हाई."

दौत बंद! गाड्या सुटल्या.

*

जोडकामाला रखमाजी सुतार आले. पहिल्याच दिवशी मी त्यांना लेक्चर दिलं: मिसरी राजे, त्यांचं वैभव, त्यांची अजोड कारागिरी. रखमाजींनी एक तुकडा नखाने खरवडला, हुंगला, खाली ठेवला. दुसरा उचलला.

"ह्यो उंबराच्या जातीचा हाय. अन् ही फळी बाभळीची."

माझ्या प्रोफेसरांना एवढं सांगायला भिंग लागायचं.

"राजाबिजा काय न्हाई, मास्तर. बेताचं घर व्हतं. मोठी फळी मिळाली न्हाई म्हून बारक्या जोडल्यात. गाठी मातीनं बुजवल्या, वरून रंग दिला. आमी बी लग्नाच्या पाटाला असंच करतो."

मग मी विलायतेहून आणलेले पितळी स्क्रू काढले. रखमाजी उठून उभेच राहिले.

"उंबराला खिळा? दत्ताचं झाड हाय ते! मी न्हाई मारायचा."

मी समजावलं, रागावलो, विनवलं. ते लाकडाच्या खुंट्या तासत बसले. संध्याकाळी तुकड्यांवरची माती ब्रशने झाडली, तर आत जुनी भोकं निघाली. सगळी खुंट्यांची! लोखंडाचा एक खिळा नाही.

रखमाजींनी माझे स्क्रू कागदात नीट बांधून मला परत दिले. "विलायतेत लई दिस व्हता का तुमी?"

*

तुकड्यांना नंबर घालून मी ते जमिनीवर तीन रांगांत मांडले होते. तीन पेट्या, तीन रांगा. पंधरा दिवसांची मेहनत!

एका सकाळी येऊन पाहतो तर जमीन लख्ख सारवलेली आणि तुकडे भलत्याच ठिकाणी. झाडलोट करणाऱ्या गयाबाई दारात उभ्या.

"मेल्या मानसाची चीज, अन् खाली धूळ? बरं दिसतं का ते? समदं उचलून सारवलं, परत ठिवलं."

"पण नंबर!"

"मला कुठं वाचाया येतं? लाल लालजवळ, पिवळं पिवळ्याजवळ ठिवलं."

मी डोकं धरून बसलो. रखमाजी त्या लाल तुकड्यांजवळ उकिडवे बसले. मी दोन वेगळ्या रांगांत ठेवलेले दोन तुकडे त्यांनी जवळ आणले. कट्ट! केस जाणार नाही इतके घट्ट बसले.

मी पंधरा दिवस एकाचं झाकण दुसऱ्याच्या पेटीवर बसवत होतो. ही गोष्ट मी प्रोफेसरांना पत्रात कळवली. फक्त गयाबाईंच्या जागी "नव्या पद्धतीने मांडणी केल्यावर" असं लिहिलं.

*

पेटीवरचा मजकूर उजवीकडून डावीकडे वाचायचा असतो हे कळल्यावर कादरमियाँची छाती फुगली. "म्हंजे आमच्या उर्दूवानी! शहाणे लोक व्हते."

मी अर्थ सांगायचा, त्यांनी सुंदर अक्षरात सरकारांसाठी उतरवायचा, असं ठरलं.

"येणाऱ्या-जाणाऱ्यांनो, हिच्या नावाने म्हणा: हजार भाकरी, हजार सुरया दारू..."

लेखणी थांबली.

"दारू?"

"तसंच लिहिलंय, मुन्शीजी."

कादरमियाँनी लेखणी पुन्हा दौतीत बुडवली. मग म्हणाले, "गेलेल्या मानसाची बदनामी मी न्हाई करायचो." आणि त्यांनी लिहिलं: सरबत.

*

दसऱ्याला आठ दिवस राहिले तेव्हा एक पेटी उभी राहिली. फक्त मुखवटा बसवायचा होता. सरकार आता रोज गुदामात खुर्ची टाकून बसत. आणि नेमके तलवाड्याचे देशमुख आले, गाडीत कडबा अंथरून! मुखवटा न्यायला.

मी सरकारांकडे पाहिलं. ते जमिनीकडे पाहत म्हणाले, "शब्द दिलाय, मास्तर."

"राजाचं तोंड दिवाणखान्यात लई शोभंल," देशमुख म्हणाले.

"राजा नाही," मी म्हणालो. आवाज चढलाच. "बाई आहे. इथे नाव आहे, मेरेत. हे बदक आणि खाली भाकरीसारखी खूण, म्हणजे लेक. पुढे बापाचं नाव. होरीची लेक मेरेत."

देशमुखांनी पुढे केलेला हात मागे घेतला. "बापाचं नाव बी हाय?"

"आहे."

"घरात इचारून सांगतो," म्हणाले आणि रिकामी गाडी घेऊन गेले.

तिसऱ्या दिवशी तीच गाडी आली. देशमुख नव्हते. गाडीवान एकटाच, हातात झाकलेलं सूप.

"आईसाहेब म्हनल्या, परमुलखातून आलेली लेक हाय, मोकळी कशी ठिवायची? तुझ्या हातानं का व्हईना, वटी भरून ये. वटी भरली की देशमुख मुखवटा मागायचे न्हाईत. पन आधी इचारून घे म्हनल्या: बाई अहेव गेली का? नवरा मागं व्हता का? नसंल तर वटी चालायची न्हाई. मग मुखवटा घिऊनच ये, असं देशमुखांनी सांगितलंय."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला बसलो. बाप होता, आई होती, भाकरी होती. नवऱ्याचा कुठेच पत्ता नव्हता. मी तोंड उघडलं.

तेवढ्यात सरकार खुर्चीतून उठले. त्या लिपीतलं एक अक्षर त्यांना येत नव्हतं. ते पेटीवर वाकले, डावीकडून उजवीकडे बोट फिरवत गेले आणि एका जागी थांबले.

"हे बदक दिसतं का?" ते गाडीवानाला म्हणाले. "ह्याचा अर्थ, नवरा हयात."

गाडीवानाने बदकाला हात जोडले आणि सुपावरचा खण बाजूला केला.