तळमजल्यावरची परात

मार्चच्या दुसऱ्या सोमवारी सकाळी आठ वाजता शेलूतल्या एका गृहसंकुलाच्या ए विंगमध्ये, लिफ्टशेजारी, मी एक फळा लावला. त्यावर पाच घरांचे क्रमांक खडूने लिहिले होते. सगळ्यात वर तळमजल्यावरचं चार नंबरचं घर होतं. या घरांनी ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त पाणी वापरलं, एवढंच खाली लिहिलं होतं.

संकुलाची पाणीबचतीची योजना आखण्याचं आणि राबवण्याचं काम माझ्याकडे होतं. त्याआधी मी वर्तमानपत्रात बातमीदार होते. घरोघरी मीटर बसले, गळके पाइप बदलले, तरी टँकर कमी होत नव्हते. फळ्याची कल्पना माझी. लावण्याआधी सगळे आकडे मी दोनदा तपासले, चार नंबरचे तीनदा. ते बरोबर होते.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर पानाची पिचकारी होती. ती धुतली. तिसऱ्या दिवशी पाच क्रमांकांखाली वेगळ्या अक्षरात सहावी ओळ होती : भिसेगावच्या मॅडमचा नंबर कुठे? मी भिसेगावात राहते हे सगळ्यांना माहीत होतं. तिथं रोज पाणी येतं, मग इथं अक्कल शिकवायला कशाला येता, असं एका गृहस्थांनी जिन्यात थांबवून विचारलं.

चार नंबरमध्ये भाडेकरू होती. चाळिशीची बाई, माहेर कोंडाण्याचं, घरात एकटीच. खालापूरकडच्या एका कारखान्यात ती पॅकिंगला होती. पहाटे पाचला घर सोडून ती कर्जतला जायची, तिथून कंपनीची बस. बस चुकली की त्या दिवसाचा खाडा. स्टेशनला चालत जाता येईल अशी ही एकच खोली तिला मिळाली होती. घरमालक डोंबिवलीला राहतात. फळ्याचा फोटो त्यांना कुणीतरी त्याच दिवशी पाठवला, आणि सोसायटीची लेखी तक्रार आली तर खोली रिकामी करावी लागेल, असं त्यांनी तिला फोनवर सांगितलं.

हे तिनं मला दारातच सांगितलं. आत बोलावलं नाही.

"पानी येतं तवा मी घरात नसते, माझं मी रविवारी भरून ठिवते. मग नळ कोनासाठी वाहतो, ते विचारलं का तुमी?"

मी विचारलं नव्हतं.

टँकर येईल तशी टाकी भरते, त्यामुळे व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ ठरलेली नाही. साडेपाच ते सातमध्ये कधीतरी पाणी सुटतं, अर्धा तास राहतं. तळमजल्याला ते सगळ्यांच्या आधी येतं. म्हणून वरच्या घरांनीच तिला सांगून ठेवलं होतं, की निघताना नळ सोडून खाली परात पालथी घाल. पाणी परातीवर पडलं की आवाज जिन्यातून वर जातो आणि विंग उठते. तिच्या घराची चावी पहिल्या मजल्यावर, सोसायटीच्या सचिवांच्या पत्नीकडे असते. त्यांनी उतरून नळ बंद करायचा. पण त्या स्वतःची पिंपं आधी भरतात, मग उतरतात.

पुढचे दोन दिवस मी पहाटे जिन्याखाली उभी राहिले. पहिल्या दिवशी सहा वाजून दहा मिनिटांनी परात वाजली. वर दारं उघडली, बादल्या सरकल्या. सचिवांच्या पत्नी अठरा मिनिटांनी चावी घेऊन खाली आल्या. दुसऱ्या दिवशी वीस मिनिटांनी. मला बघून त्या म्हणाल्या, की घर तिचं, नळ तिचा, आपण बंद करतो हे उपकारच.

रविवारी पार्किंगमध्ये सभा झाली. चार नंबर फळ्यावरून काढावा आणि व्हॉल्व्हची वेळ ठरवावी, असं मी मांडलं. मीटर खोटं बोलत नाही असं मॅडमच जानेवारीत म्हणाल्या होत्या, याची सचिवांनी आठवण करून दिली. मी तसं म्हणाले होते. परातीचा आवाज कोण कोण ऐकतं, असं मी विचारलं. कुणी हात वर केला नाही.

भाडेकरूंना सभेत बोलता येत नाही. ती खांबाजवळ उभी होती. तरी सचिवांच्या पत्नींकडे बघून बोलली.

"काकू, चावी तुमच्याकडं हाय. सांगा की मग."

"चावी सांभाळली म्हनून तुझ्या पान्याचा जाब पन आमीच द्यायचा का गं?"

मागे दोघं-तिघं हसले. घरमालकाला तक्रारीचं पत्र पाठवायचं ठरलं. पत्राचा मसुदा करणं योजनेच्या कामात येत होतं. तो मी केला. चावीबद्दल त्यात एक वाक्य घातलं. सचिवांनी ते खोडलं, पत्र पुन्हा टाइप करून घेतलं आणि सही केली.

त्याच संध्याकाळी तिनं चावी परत मागून घेतली. सोमवारी पहाटे ती नळ बंद करून कामाला गेली. पाणी पावणेसहाला आलं आणि सव्वासहाला गेलं. वरची बहुतेक घरं झोपेत होती. सात वाजता तिच्या बंद दाराला लाथा बसत होत्या, असं वॉचमननं सांगितलं. सचिवांच्या पत्नींचा मला फोन आला. बाईनं हे मुद्दाम केलं, घरात पेलाभर पाणी नाही, हे पण लिहा आता तुमच्या फळ्यावर, असं त्या म्हणाल्या.

एप्रिल संपताना तिनं खोली सोडली. सामान टेंपोनं कोंडाण्याला भावाकडे गेलं. पहाटे पाचला तिथून कर्जतला यायला वाहन नसतं. ती अजून कारखान्यात जाते का, हे मला कळू शकलं नाही. त्या महिन्यात चार नंबरचं मीटर विंगमध्ये सर्वात कमी फिरलं होतं.

मे महिन्यात तिथं नवरा-बायको राहायला आले. दोघंही पहाटेच कामाला निघतात. त्यांच्या घराची एक चावी पहिल्या मजल्यावर आहे. नळाखाली स्टीलचं पातेलं पालथं असतं. जूनमध्ये मी मीटर वाचून फळा नव्यानं लिहिला. सगळ्यात वर चार नंबर आहे.