एका क्रियापदाची कॉमेंट्री

शेवटचं भेटलो तेव्हा रंगनाथमामांच्या नाकात ऑक्सिजनची नळी होती आणि उशाशी रबरबँड लावलेला ट्रान्झिस्टर. मी खोलीत शिरलो तर त्यांनी हात वर करून आधी मलाच गप्प केलं. हॉकीची कुठलीशी मॅच ऐन रंगात आली होती. ती जाहिरातींना थांबली तेव्हा कुठं मला विचारता आलं, की मामा, कसं वाटतंय? बातमीदारानं मैदानावरून खबर द्यावी तसे ते म्हणाले, "सध्या खोकला डॉमिनेट करतोय. पण हाफटाइम झाला नाय अजून." मी हसलो, मामी हसल्या, सलाईन बघायला आलेली सिस्टरही हसली... त्याच आठवड्यात सकाळी सकाळी मामींचा फोन आला, "ये रे बाबा. तुझे मामा गेले."

मामा मूळचे कन्नड तालुक्याकडचे. पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं तेव्हा ते उर्दू शाळेत होते. अलिफ-बे घोटून कसंबसं हाताला वळण लागलं, तर फळ्यावर क-ख-ग आले, आणि त्या धांदलीत एबीसीडी राहूनच गेली. "राज्य बदललं, पण माझं इंग्रजी ना त्या राज्यात आलं, ना ह्या," असं ते स्वतःच सांगत. पुढं एसटीत लागले आणि आवाज खणखणीत म्हणून बसस्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीत, माईकपुढं बसले. कन्नडला जाणारी गाडी, पैठणला जाणारी गाडी, फलाट अमुक, फलाट तमुक... दिवसभर तेच. घरी आले की कानाला ट्रान्झिस्टर. हिंदी कॉमेंट्री सोपी म्हणून ते ती सोडून देत आणि इंग्रजीची पाळी आली की मांडी घालून बसत. त्या सगळ्या भडिमारातून त्यांच्या हाती एक शब्द लागला, डॉमिनेट. आणि तो असा लागला म्हणता, की लहान मुलाला शिट्टी सापडावी!

मग काय विचारता. आमटीत लसूण डॉमिनेट करू लागला. लग्नात नवरीकडचे डॉमिनेट करू लागले. वेरूळला निघालेल्या गोऱ्या पाहुण्यांना मामा खिडकीतून सांगत, "एलोरा बस डॉमिनेटेड. नेक्स्ट बस, प्लीज." आणि गंमत म्हणजे त्या पाहुण्यांना ते बरोबर कळायचं. थँक्यू म्हणून ते शेंगदाण्याची पुडी घेऊन बाकावर बसत. मामी मात्र जेवताना पहिल्या घासाची कॉमेंट्री ऐकली की पळी आपटून म्हणत, "घरात काय डॉमिनेट करायचं ते मी करते. तुम्ही मायकावर करा."

पण मामांच्या पोटात एक गोष्ट होती, ती त्यांनी मला एकट्याला सांगितली होती. "लेका, जल्मभर उभ्या गाड्यांची नावं घेतली. एकदा पळत्या बॉलचं नाव घ्यायचंय. तेबी इंग्रजीत."

तो दिवस छावणीच्या मैदानावर उगवला. दरवर्षी तिथं हॉकीचे सामने होत. त्या वर्षी लष्कराचा संघ विरुद्ध शहराचा संघ, आणि शहराच्या संघाचा गोलकीपर कोण, तर अस्मादिक! माझी निवड खेळावरून झाली नव्हती. पॅड मला बरोबर बसत होते, एवढंच. पाहुणे म्हणून मोठे लष्करी साहेब येणार, म्हणून कॉमेंट्री इंग्रजीत हवी, आणि नेमका कॉमेंट्रीवाला तापानं पडलेला. सामने भरवणारे एक रिटायर्ड सुभेदार होते, मामांच्या रोजच्या चहाच्या टपरीवरच्या ओळखीचे. त्यांनी विचारलं, "रंगनाथ, अंग्रेजी में बोल सकते?" मामा म्हणाले, "क्यों नई?" हे ऐकून माझ्या पॅडमधले पाय गार पडले. सामना बघायला आलेल्या मामींनी तर पदर डोक्यावरून पार नाकापर्यंत ओढला.

सुरुवात झोकात झाली. "लेडीज अँड जंटलमन" झालं, "व्हेरी व्हेरी वेलकम" झालं. शिट्टी वाजली आणि मामांचं इंग्रजी संपलं. उरला एकच शब्द. "आर्मी डॉमिनेटिंग..." मग दम घेऊन, "आर्मी स्टिल डॉमिनेटिंग..." मी पहिला गोल खाल्ला तेव्हा, "आर्मी व्हेरी डॉमिनेटिंग." दुसरा खाल्ला तेव्हा लोक हसू लागले. तिसऱ्याला पाहुण्या साहेबांनीही रुमाल तोंडाला लावला, आणि भोंग्यातून आवाजच येईना... नुसता मामांचा श्वास ऐकू येत होता.

हाफटाइमला मी पाणी प्यायला मांडवात गेलो, तर सुभेदार हलक्या आवाजात म्हणत होते, की आता जरा दुसऱ्याला बसू दे, हिंदीत चालेल. मामांनी माईक दोन्ही हातांनी धरून ठेवला होता, मूल धरावं तसा. म्हणाले, "साब, पाच मिनिट. सिर्फ पाच मिनिट." सुभेदारांनी घड्याळाकडं बघत मान हलवली. मग मामा माझ्याकडं वळले. चेष्टा नव्हती चेहऱ्यावर. "भाच्या, माझ्याजवळ एकच शब्द हाय. तू एखादा तरी बॉल अडव, म्हंजी तो आपल्या बाजूनं लावता येईल."

आता मी कधी ठरवून बॉल अडवला असेल तर शपथ. पण त्या पाच मिनिटांत मी गोलात असा उड्या मारत होतो, की जणू शहराची वेस मला एकट्यालाच राखायची आहे. आणि आला! लष्कराचा तगडा सेंटर फॉरवर्ड एकटाच आला, त्यानं काठी उगारली, मी डोळे गच्च मिटले आणि पाय घसरून आडवा झालो... काहीतरी दाणकन गुडघ्यावर आदळलं. आणि भोंग्यातून बसस्टँडवरचा तो खणखणीत आवाज सुटला, "सिटी गोलकीपर... माय ओन भाचा... डॉमिनेटिंग!"

काय सांगू! पलीकडच्या भिंतीवर बसलेली पोरं खाली उड्या टाकून नाचली. साहेबांनी रुमाल खिशात घातला आणि टाळ्या वाजवल्या. पुढं बॉल शहराच्या काठीला नुसता लागला तरी मामा "सिटी..." म्हणून थांबत आणि अख्खं मैदान ओरडे, "डॉमिनेटिंग!" सुभेदार घड्याळ विसरले. ते स्वतःच ओरडत होते. सामना आम्ही सपाटून हरलो, हे दुसऱ्या दिवशी कुणाच्या लक्षातही नव्हतं. मामा मात्र भोंगे उतरवेपर्यंत माईकजवळच बसले होते, सामना आपणच जिंकल्यासारखे. त्यानंतर छावणीच्या माईकवर दरवर्षी तेच. माझी निवड पुन्हा झाली नाही, तो भाग वेगळा.

परवाच्या रविवारी मामींकडं जेवायला गेलो होतो. ट्रान्झिस्टर फळीवर, रबरबँडसकट. मामींनी ताट वाढलं आणि समोर बसून राहिल्या. मी घास घेतला. आमटीत लसूण असा, की डोळ्यांत पाणी यावं. मी मुकाट्यानं गिळलं. मामी उठेनात, माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या. दुसरा घास घेतला, तरी त्या तशाच. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. घसा खाकरून, जमेल तितक्या खणखणीत आवाजात मी म्हणालो, "लसूण... व्हेरी डॉमिनेटिंग."

मामींनी पळी ताटाच्या कडेवर आपटली. पण बघत होत्या फळीकडं. "घरात काय डॉमिनेट करायचं ते मी करते," त्या म्हणाल्या. "तुम्ही मायकावर करा."