काउंटरमागची फळी

बाजाररस्त्यावरच्या त्या दुमजली दुकानानं आजवर इतकी सोंगं घेतली की त्याचं खरं तोंड कसं होतं, ते शेजारच्या दुकानांनाही आठवेना. आधी तिथं कापड विकलं जाई, मग बटणं आणि दोरे. त्यानंतर कुणी मोबाइलवाला आला, त्यानं भिंतींवर प्लायवुड ठोकलं, लाकडी जमिनीवर प्लास्टिक अंथरलं, आणि एक दिवस गाशा गुंडाळून गेला. नव्या मालकीणबाईंनी मात्र ठरवलं, इमारत होती तशी करायची आणि पुन्हा बटणंच विकायची. कामाला बोलावलं म्हाताऱ्या सुतारबुवांना.

बुवांना ते दुकान आतून-बाहेरून ठाऊक. त्यांची बायको लग्नाआधीपासून, बटणांचं दुकान बंद पडेपर्यंत, तिथं काउंटरमागं उभी असायची. जमलंही तिथंच. तरणेपणी शर्टाचं बटण तुटलं म्हणून हे गेले. चार दिवसांनी दुसरं तुटलं. तिसऱ्या खेपेला तिनं दातानं दोरा तोडत म्हटलं, "सुतारदादा, आता शर्टच आणून टाका. उरलेली मी इथंच तोडते, तुमच्या चपला तरी वाचतील!" गिऱ्हाइकं खो खो हसली. बुवांना हसण्याचं काही नाही, त्या 'दादा'चं वाईट वाटलं. पुढं ते तिनं आपणहून सोडलं.

संसारात पडल्यावर ती रोज संध्याकाळी तळपाय चोळत बसायची.

"अहो, माझ्या पायाखालची फळी पार खोल गेलीय. उलटी करून टाका ना जरा. घोटे वाकडे होतात."

"उद्या बघतो."

"गावच्या खुर्च्या सरळ करा तुम्ही. बायको काय, वाकडी चालेल!"

दोघंही हसायची. तो उद्या काही उजाडला नाही. दुकान बंद पडलं, फळी प्लास्टिकखाली गेली, आणि मागच्या हिवाळ्यात बायकोही गेली.

आता बुवा प्लास्टिक उचकटत काउंटरमागं आले आणि गुडघ्यांवरच थांबले. मऊ लाकडात शेजारी शेजारी दोन खळगे. डावा अंमळ जास्त खोल. तिचा भार डाव्या पायावर असे. बुवांनी त्यात तळहात ठेवला. लाकूड गुळगुळीत झालं होतं, जुन्या पाट्यासारखं.

"अगबाई, काका!" मागून मालकीणबाई आल्या. "किती सुंदर आहे हे! असंच ठेवू. वर काच टाकू, आत दिवा लावू. लोक मुद्दाम बघायला येतील."

बुवांच्या मनातलंच बोलल्या त्या. रोज येता-जाता बघता आलं असतं. ते काचेचं माप घ्यायला उठले, आणि मोह आवरेना म्हणून खळग्यांत पाय ठेवून उभे राहिले. बरं वाटलं. चहा आला, तो उभ्यानंच घेतला. कप रिकामा होईतो घोटे आत वळले आणि कळ गुडघ्यापर्यंत चढली. बुवांनी काउंटर धरला.

"बाई, काच नको. उलटी करतो."

"अहो, मग ते दिसणारच नाही!"

"माझ्या बायकोचे पाय आहेत ते. तिनं सारखं सांगितलं होतं, उलटी करा म्हणून."

"मग तर ठेवायलाच हवी, काका."

"उद्या इथं कुणीतरी उभं राहणारच ना, बाई?"

मालकीणबाई रिकामा कप उचलून आत गेल्या.

बुवांनी खिळे उपसले, फळी उलटली, ठोकली. खालची बाजू कालच रंधा मारल्यासारखी कोरी निघाली. एवढंसं काम, विडी पेटवून संपवायच्या आत झालं. तेच बुवांना सोसेना. बराच वेळ ते त्या फळीवर बसून राहिले.

दुकान उघडलं तेव्हा काउंटरमागं एक तरुण मुलगी होती. बुवा गेले, शर्टाचं वरचं बटण तुटलेलं.

"पोरी, इथं उभं राहून पाय दुखतात का गं?"

"नाही हो आजोबा. का?"

"काही नाही. पांढरं बटण दे एक."

तिनं दिलं. "लावून देऊ?"

"नको, राहू दे," म्हणाले, आणि बटण मुठीत घेऊन, गळा तसाच उघडा, रस्त्यावर आले.