मांड्याचा हात

कमल गेल्याचा फोन पर्थहून आला तेव्हा मी कणीक मळत होते. रिसीव्हरला पीठ लागलं... तिला आवडलं असतं म्हणा!

सत्तरच्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या कालगुर्लीत आम्ही दोघीच मराठी. नवरे खाणीत इंजिनिअर. मी पुण्याची, ती जळगावकडची. "तुमच्या पुरणपोळ्या म्हणजे भातुकलीतल्या गं," असं ती मला सारखी चिडवायची. शेजारीण मारिया युगोस्लाव्हियाची. लेकीचं लग्न शनिवारी आणि बुधवारी बाई पडली, मनगट मोडलं. पातळ पिठात सफरचंद गुंडाळून भाजलेला स्ट्रूडेल आता करणार कोण? विकतच्या केकवर लेकीची पाठवणी करायची म्हणून ती ढसाढसा रडत होती.

"आय डू," कमल म्हणाली.

"नो, कामाल! पीठ इतकं ताणायचं की खालच्या चादरीवरचं फूल दिसलं पाहिजे. फाटलं की संपलं."

"अगं, आमचे मांडे काय जाड असतात?" कमल माझ्याकडे बघून मराठीत म्हणाली आणि तिने बाह्या सरसावल्या.

टेबलावर मारियाची फुलाफुलांची चादर अंथरली. कालगुर्लीच्या उन्हात पीठ तडकायचं, म्हणून कमलने गोळा तेलात मुरवला, ओल्या फडक्याखाली ठेवला आणि मग चक्क मांड्यासारखा दोन्ही हातांवर घेतला. मारिया किंचाळली, "टेबलावर, टेबलावर!" पण ऐकेल ती कमल कसली! पीठ हातांवरून झुलत कोपरापर्यंत वाढत गेलं... चादरीवर उतरलं तेव्हा फूल न् फूल दिसत होतं. एक भोक नाही! मारिया चांगल्या हाताने टेबल बडवायला लागली. आम्ही तिघी पोरींसारख्या ओरडलो.

पण सफरचंदात कमलने सवयीने वेलदोड्याची पूड घातली. गोडाचा पदार्थ वेलदोड्याशिवाय तिच्या हातून व्हायचाच नाही. मारियाला वास आला आणि ती भडकली.

"सांग, इंडियन मावशीने केला. नो वरीज," कमल म्हणाली.

लग्नात ताटं चाटूनपुसून साफ झाली. नवऱ्या मुलाच्या आजीने भर मांडवात, म्हणजे हॉलमध्ये, कमलच्या हातांचे मुके घेतले. काय मिरवली आमची कमल! मारिया मात्र पुढे कित्येक वर्षं म्हणायची, "गुड. बट नॉट अवर्स."

तेराव्याला गोड लागतंच. मी पर्थला कमलच्या घरी पोचले होते; मारियाही कालगुर्लीहून आली, आता काठी टेकत. पिशवीतून तीच फुलांची चादर काढून तिने कमलच्या टेबलावर अंथरली, वर डबा ठेवला. मी झाकण उघडलं, आत स्ट्रूडेल, आणि घरभर वेलदोड्याचा वास सुटला. मी रडत रडत हसायला लागले.

मारियाने माझा हात घट्ट धरला. "अवर्स," ती म्हणाली.