सायकलमागची बंडी

लेक झाली आणि माझी सायकल बाल्कनीत गेली. आधी तिच्यावर दुपटी वाळायला लागली, मग झबली, मग पायपुसणंसुद्धा. नवऱ्याची सायकल मात्र दर रविवारी सकाळी अमरावतीबाहेर पडायची. तो घामाघूम होऊन, खुशीत परत आला की मी काहीतरी भांडण उकरून काढायची. दूध उतू गेलं, गॅस संपला, टॉवेल ओला ठेवला. खरं कारण एकदाही सांगितलं नाही. दीड वर्ष मी चिखलदऱ्याचा घाट स्वप्नात चढत होते आणि जागेपणी वरणाच्या शिट्ट्या मोजत होते.

शेवटी एके दिवशी तोच म्हणाला, "हिला घेऊनच जाऊ या ना."

असं म्हणणं सोपं असतं. न्यायचं कशात, तिथून घोळ सुरू झाला.

पहिल्यांदा पाठीवरची झोळी आणली, एका मैत्रिणीची. आत हलक्या धातूची चौकट, कमरेला रुंद पट्टा, वर ऊन लागू नये म्हणून छप्पर. पायी फिरायला उत्तम होती. लेक माझ्या डोक्याच्या वरून जग बघायची आणि मजा आली की माझे केस ओढायची. पण ती पाठीवर घेऊन सायकल चालवायची म्हणजे मी पडले तर तिच्यासकट पडणार. ते बाद. मग कॅरिअरवर बसवायची मागची खुर्ची आणली. कॉलनीतच दोन फेऱ्या मारल्या. पोरीला डावीकडे कुत्रं दिसलं, ती डावीकडे झुकली, उजवीकडे बकरी दिसली, ती उजवीकडे झुकली, आणि वजन इतक्या उंचावर असल्यामुळे सायकल तिच्याच मताने चालायला लागली. थांबताना मी एक पाय टेकला तर सगळं आडवं व्हायला आलं. पोटरीला पेडल लागलं, पण पोर वाचली. ती खुर्चीही बाद.

राहिली मागे जोडायची गाडी. दोन चाकांची, जमिनीलगत, चहूबाजूंनी जाळी, आत मुलाला खांद्यावरून आणि कमरेतून बांधणारे पट्टे, मागे उंच काठीला केशरी झेंडा. एक दांडा पुढे येतो आणि सायकलच्या मागच्या चाकाच्या आसाला अडकतो. सायकल पडली तरी ही गाडी उभीच राहते, असं नवरा महिनाभर वाचून वाचून मला सांगत होता. पुण्याच्या एका कुटुंबातली मुलं मोठी झाली होती, त्यांच्याकडून ती घेतली. ट्रॅव्हल्सच्या डिकीतून घडी होऊन आली. मी तिला बाल्कनीत उभी केली आणि झबली दुसरीकडे वाळत घातली.

आता एकच गोष्ट उरली होती. बाबांचा होकार.

हसू नका. माझं वय छत्तीस, नोकरी आहे, बँकेत सही चालते. पण गाडी निघू शकते की नाही हे आमच्या घरात कायम बाबांनीच ठरवलेलं. परतवाड्याजवळच्या आमच्या गावात त्यांनी चाळीस वर्षं बैलांची बंडी हाकली. कापूस नेला, संत्री नेली, बाळंतिणी नेल्या. मी त्या बंडीत पुढे, त्यांच्या गुडघ्यांच्या मधे बसून वाढले. बाबा "नाई" म्हणाले की ते निघणं रद्द, मग दारात वरात का उभी असेना. फोनवर ते एवढंच बोलले होते, "पोरीले सायकलीले बांधून नेशीन? पागल झाली काय तू?" त्यांनी बघून नाही म्हटलं असतं, तर मी ती गाडी परत पाठवली असती आणि आयुष्यभर त्यांच्यावर रुसले असते. हे मला पक्कं माहीत होतं, तरी गाडी आणि दोन्ही सायकली घेऊन आम्ही गावी गेलो.

डिसेंबर होता. अंगणात गाडी उघडून ठेवली. बाबा तिच्याभोवती एकदा फिरले, मग उलटे फिरले. हात लावला नाही.

"पोरगी किती किलोची हाये?"

"अकरा."

ते आत गेले, काट्यावर अकरा किलो तूर मोजली, पोतडीत भरून तोंड बांधलं आणि ती पोतडी पोरीच्या जागेवर ठेवून पट्टे आवळले. मग पुढचा दांडा दोन बोटांवर घेतला. फक्त दोन बोटांवर. डोळे मिटले.

"उलाळ हाये," ते म्हणाले.

नवरा अकोल्याचा, शहरात वाढलेला. त्याने माझ्याकडे बघितलं. बंडीत ओझं आसाच्या मागे गेलं की पुढचं टोक वर उचललं जातं, ती उलाळ. ओझं पुढे आलं की जू बैलांच्या मानेवर दाबतं, ती धुरजड. मी हे त्याला सांगेपर्यंत बाबांनी गाडीच्या मागच्या कप्प्यातून आमचं सामान काढायला सुरुवात केली होती. पाण्याच्या बाटल्या, डायपर, केळी, खेळण्यांची पिशवी. ते सगळं त्यांनी पोतडीच्या पायाशी रचलं आणि परत दांडा बोटांवर घेतला.

"आता झाली धुरजड. थोडीशीच पायजे. जास्त झाली तं सायकल दबन, कमी झाली तं उतारावर मांगून उचलून फेकन तुले."

नवऱ्याने मोबाइलवर कंपनीची माहितीपुस्तिका काढली. त्यात चित्रासकट हेच लिहिलं होतं. वजन आसाच्या किंचित पुढे, दांड्यावर थोडा भार, मागचा कप्पा जड करू नका. जी गोष्ट आम्ही दोघं शिकलेली माणसं महिनाभर वाचून विसरलो होतो, ती त्या माणसाने दोन बोटांनी ओळखली. मला एकदम भरून आलं. लहानपणापासून ज्याला बघतोय त्याला आपण बघितलेलंच नसतं, असं काहीतरी वाटलं. नवरा तर पुढचा तासभर त्यांच्या मागे मागे फिरत होता.

मग बाबांनी ती गाडी अंगणातल्या खाचेतून ओढली, उंबऱ्यावरून चढवली, उकिरड्याच्या कलत्या उतारावर आडवी नेली. पोतडी जागची हलली नाही. शेवटी म्हणाले, "एकच खोट हाये. पोरगी मांगं, तू पुढं. तुले ते दिसन कशी?" आणि स्वतःच जाऊन त्यांच्या जुन्या लुनाचा आरसा काढून आणला, माझ्या हँडलला तारेने घट्ट बांधला. त्यात बघितलं तर तुरीची पोतडी नीट दिसत होती.

"जाय," बाबा म्हणाले. मी नाचायचीच बाकी होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तेव्हा खिडकीतून दिसलं, बाबा माझ्या सायकलशी उकिडवे बसलेत. हातात वंगणाची डबी. प्रवासाला निघण्याआधी बंडीच्या आसाला वंगण घालणं हे त्यांचं आंघोळीइतकं नेमाचं काम. कोरड्या आसाची बंडी त्यांनी कधी दाराबाहेर काढली नाही. पाठमोरे, कानाला रुमाल बांधलेले, बोटाने हळूहळू वंगण लावत होते, जिथे जिथे काही फिरतं तिथे तिथे. मी खिडकीशी उभी राहून रडले, हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही.

आणि त्या रडण्यापायी मी एक काम केलं नाही. निघण्याआधी ब्रेक दाबून बघणं. आमच्या सायकलच्या गटात नव्या लोकांवर मी याच गोष्टीवरून ओरडते. पण त्या दिवशी मनात आलं, बाबांनी बघितलंय ना सगळं.

लेकीला बांधलं, शिरस्त्राण घातलं. ती झेंड्याकडे बोट दाखवून काहीतरी भाषण करत होती. गावातून निघालो, मी पुढे, नवरा मागे त्याच्या सायकलवर. दोन्हीकडे संत्र्यांचे बगीचे, समोर सातपुडा निळा आणि इतका जवळ की हात लावावा. गाडी मागे आहे हे जाणवतसुद्धा नव्हतं. आरशात बघितलं की एक गोल चेहरा, डोळे विस्फारलेले. तिने झाड पाहिलं की मीही ते झाड पहिल्यांदा पाहत होते. दीड वर्षाचा सगळा राग त्या दोन किलोमीटरमध्ये गळून पडला.

मग नाल्याचा उतार आला. फार मोठा नाही. खाली अरुंद रपटा, नाल्यावरचा बिनकठड्याचा ठेंगणा पूल, आणि त्या रपट्यावरून कापसाने खच्चून भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली समोरून वर येत होती. मी ब्रेक दाबला. काहीच झालं नाही. दुसरा दाबला. दोन्ही मुठी जीव खाऊन आवळल्या, तरी सायकल उलट वेग घ्यायला लागली. मागून गाडी ढकलत होती. मी बुटाने रस्ता घासला. ट्रॅक्टरवाला हॉर्न वाजवत होता. आरशात माझी लेक हसत होती, तिला वाटलं आई खेळतेय.

मला देव आठवला नाही. मला आठवलं ते एवढंच, की रस्त्याच्या उजव्या हाताला, निंबाच्या अलीकडे, वावरात बंडी उतरवायची वाट आहे. लहानपणी शंभरदा त्या वाटेने उतरलेली. मी हँडल वळवलं. सायकल वावरात घुसली. हरभऱ्याला रात्री पाणी दिलेलं होतं, काळी माती लोण्यासारखी झालेली. चाकं आत गेली, चार हात चालली आणि रुतली. मी हँडलवरून पलीकडे पडले. तोंडात माती, मनगटात कळ. उठायच्या आधी मान वळवली.

माझी सायकल आडवी झाली होती. गाडी उभी होती. दोन्ही चाकांवर, सरळ, जशी अंगणात ठेवली होती तशी. आत लेक एक चिखलाचा ठिपका गालावरून पुसून तो निरखून बघत होती.

मी तिला काढलं आणि छातीशी धरून बसकण मारली. त्या वळणावर ती गाडी उलटायलाच हवी होती. का नाही उलटली ते मला कळत होतं, पोरीच्या पायाशी रचलेल्या बाटल्या तिथेच होत्या. नवरा धापा टाकत आला. त्याने माझ्या चाकाजवळच्या ब्रेकच्या चकतीवरून बोट फिरवलं आणि वास घेतला.

"वंगण आहे," तो म्हणाला. "दोन्ही चकत्यांना."

जुन्या सायकलच्या ब्रेकची रबरं काठाला लागायची. ही चकती चाकाच्या मधोमध, आसाला लागून फिरते. बाबांना ती आसाचाच भाग वाटली. ज्या बोटांनी माझी पोर वाचवली, त्याच बोटांनी.

सांगायचं की नाही, यावर आम्ही वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून भांडलो. नवरा म्हणाला, नको, म्हातारा माणूस आहे, मोडून जाईल. मी म्हणाले, नाही सांगितलं तर पुढच्या वेळी परत लावतील. खरं तर त्यांनी कसं झालं विचारल्यावर मला खोटं 'छान' म्हणता आलं नसतं.

अंगणात उभी राहून मी सांगितलं. एका दमात. चूक माझी, मी तपासलं नाही, हेही सांगितलं. बाबांनी ऐकून घेतलं. आपल्या उजव्या हाताकडे बघितलं. मग पोरीकडे बघितलं आणि आत गेले. त्या दिवशी ते जेवले नाहीत. आम्ही निघालो तेव्हा दारात आले नाहीत. पंधरा दिवस फोन नाही. मी केला तर आई म्हणायची, वावरात गेलेत. ब्रेक दुरुस्त होऊन आले, सायकल परत बाल्कनीत गेली. माझ्यात तिला हात लावायची हिंमत नव्हती.

सोळाव्या दिवशी बाबांचाच फोन आला. "या. गाडी घेऊन या."

आम्ही गेलो. ते अंगणात सायकलशी उकिडवे बसले, पण हात पाठीमागे बांधलेले. म्हणाले, "आता मले दाखव. कुठं लावाचं, कुठं नाई लावाचं." त्र्याहत्तर वर्षांचा माणूस. मी दाखवलं, आणि त्यांनी शाळेतल्यासारखं प्रत्येक भागाचं नाव माझ्यामागून म्हटलं. मग तूर मोजून पोतडी भरली, गाडीत बांधली, लेकीला माझ्या आईच्या कडेवर दिलं आणि आम्हा सगळ्यांना घेऊन त्या नाल्याच्या उतारावर आले.

उतार मोकळा होता. बाबा चालत खाली गेले. रपट्याच्या तोंडाशी, रस्त्याच्या मधोमध, माझ्याकडे तोंड करून उभे राहिले.

"ये," ते ओरडले.

"बाबा, बाजूले व्हा!"

"बिरेक हायेत ना? मंग ये."

नवरा खाली धावायला निघाला. बाबांनी त्याला हातानेच थांबवलं. "जवाईबापू, तुमी तिथंच राहा. माही नात ज्याच्यात बसन, त्याच्या समोर आंधी मी उभा राहीन."

मी सायकल सोडली. वेग आला, मागून अकरा किलो तूर ढकलायला लागली, बाबा मोठे मोठे होत गेले. ते हलले नाहीत. डोळेसुद्धा मिटले नाहीत. मी ब्रेक दाबले.

पुढचं चाक त्यांच्या पायापासून वीतभर लांब थांबलं. त्यांनी खाली वाकून ती वीत बघितली. मग माझ्या हँडलवरचा लुनाचा आरसा थोडा वळवून सरळ केला.

"बसव तिले," ते म्हणाले.