दादांचा मजला

आप्पा कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक करत. नमस्कार-चमत्कार नंतर. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा सासूबाईंना वाटलं, हा माणूस घर विकत घ्यायला आलाय. त्यांनी चहाही जरा तोऱ्यातच दिला.

पंचवटीतल्या वाचनालयात मी ग्रंथपाल होते आणि आप्पा तिथे रोज वर्तमानपत्र वाचायला येत. इमारत त्यांच्याच, पिढीजात बांधकाम करणाऱ्या घराण्याच्या हातची. काळ्या दगडाचा, चुन्यातला तळमजला आजोबांनी बांधलेला. वरचं सभागृह दादांचं, म्हणजे आप्पांच्या वडिलांचं. गावातला दवाखाना, शाळा, भाजीमंडईसुद्धा याच घरातून निघालेली. पण नावाची पाटी कुठेच नाही. मी कारण विचारलं तर आप्पा म्हणाले, "शिंपी सदऱ्यावर आपलं नाव काढतो का?" दसऱ्याला मात्र ते प्रत्येक इमारतीला झेंडूचं तोरण बांधून येत. शाळेचा शिपाई दरवर्षी विचारी, आपण कोण? आप्पा सांगत, शेजारचे.

हा माणूस भिंतीत ऐकतो तरी काय, याचं मला भारी कुतूहल. ते नसताना मीही एकदा भिंत वाजवून पाहिली. बोट दुखलं, बाकी काही कळलं नाही.

एका पावसाळ्यात पुस्तकांना बुरशी धरली आणि वाचनालयाच्या समितीने आप्पांना इमारत तपासायला सांगितलं. ते गिलावा खरवडून बघत आणि दिवसेंदिवस गप्प होत गेले. शेवटी मीच खोदून विचारलं. चुन्याची भिंत ओल पिते आणि बाहेर टाकते, ते म्हणाले. दादांनी वर मजला चढवताना खालीही सिमेंटचा गिलावा केला, म्हणून ओल आतच कोंडली. वरच्या स्लॅबमधलं लोखंडही गंजून फुगलेलं. गिलावा काढायचा आणि मजला उतरवायचा, दुसरा उपाय नाही. समिती डागडुजीवर खूश झाली असती. पण आप्पांना ते पटेना. नव्वदीतले दादा अजून रोज विचारत, आज आपल्या सभागृहात कुणाचं व्याख्यान?

"समितीला सांगणं सोपं आहे हो," आप्पा म्हणाले. "दादांना कसं सांगू?"

एका दुपारी ते दादांना रिक्षातून घेऊन आले, भिंतीशी खुर्चीवर बसवलं आणि सगळं सांगितलं. दादांनी नखाने गिलावा उकरला. हातात आलेली भुकटी बराच वेळ बोटांत चोळत राहिले.

"तेव्हा सिमेंट परमिटवर मिळायचं," ते म्हणाले. "मिळालं की सोनं मिळाल्यासारखं वाटायचं. थापलं सगळीकडे." मग आप्पांकडे बघून म्हणाले, "पाड. सांगितलंस ते बरं केलंस. माझ्या वडिलांना असं सांगायची माझी छाती झाली नसती."

आप्पा तिथेच, वाचकांच्या देखत रडले. मलाही आवरेना.

मजला उतरला, भिंती सुकल्या. पुढे वर्षभरात दादा गेले. त्यानंतर एकदा आप्पा म्हणाले, "दादांना सांगायला मी होतो. आम्हाला मूलबाळ नाही. माझं कुठे चुकलं, ते कोण सांगणार?"

मी धीर करून सांगितलं, की दिंडोरी रोडवर तुम्ही बांधलेल्या सभागृहाच्या जिन्यात वळणावर काळोख असतो, सासूबाई भिंत चाचपत उतरतात. वाटलं, आता रागावणार. ते दुसऱ्याच दिवशी सासूबाईंना घेऊन तो जिना चढले-उतरले, कुठे भीती वाटते ते विचारत. नंतर तिथे खिडकी पाडून घेतली. सासूबाई पुढे येईल-जाईल त्याला सांगत, आमची खिडकी.

आप्पा गेल्या हिवाळ्यात गेले. परवा मी दिंडोरी रोडवरच्या त्या सभागृहात कार्यक्रमाला गेले होते. उशीर झाला म्हणून मागच्या रांगेत बसले, तर वक्त्याचा एकही शब्द तिथवर धड पोचेना. आप्पांना सांगायला हवं, म्हणून पर्समधून फोन काढला आणि तो तसाच हातात धरून बसून राहिले.