शनिवारी बदललेली एक ओळ

“मॅडम, ते तुमचं सॉफ्टवेअर आजच्या आज काढून टाका.”

फोनवर जगतापसाहेब होते. धाराशिवच्या एका खासगी पॅथॉलॉजी लॅबचे मॅनेजर. मी त्या लॅबचे सर्व्हर सांभाळते. नोकरीत नाही, कंत्राटावर.

“काय झालं साहेब?”

“सकाळपासून बाराशे मेल आलेत. प्रत्येकात नुसतं अलर्ट, अलर्ट. यातून डॉक्टरांचा मेल मी कसा शोधू?”

सॉफ्टवेअर माझं नव्हतं. एका मोठ्या कंपनीच्या कामगारांच्या तपासण्यांचं काम लॅबला हवं होतं. त्या कंपनीनं एक चेकलिस्ट पाठवली. तिच्यात एक प्रश्न होता : सर्व्हरवर इंट्रूजन डिटेक्शन, म्हणजे घुसखोरी ओळखायची सोय, आहे का? जगतापसाहेबांनी कुणाला तरी सांगून एक फुकटचं सॉफ्टवेअर टाकून घेतलं, ‘हो’वर टिक केली, आणि पुढचं निस्तरायला मला बोलावलं.

हे सॉफ्टवेअर काय करतं ते आधी सांगते. फायरवॉल म्हणजे गेटवरचा वॉचमन. कोण आत येतंय ते तो बघतो. हे सॉफ्टवेअर घरात बसतं. सर्व्हरवरच्या प्रत्येक महत्त्वाच्या फाइलचा एक ठसा ते घेऊन ठेवतं. ठसा म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून काढलेला एक लांबलचक आकडा. फाइलमधलं एक अक्षर बदललं तरी तो आकडा बदलतो. दर काही तासांनी ते ठसे पुन्हा जुळवून बघतं. जुळला नाही की मेल. बस, एवढंच. चोर कोण, ते त्याला कळत नाही. काहीतरी हललंय, एवढंच कळतं.

पण लिनक्सच्या सर्व्हरवर दर मिनिटाला काहीतरी हलतच असतं. लॉग, म्हणजे सर्व्हरच्या स्वतःच्या नोंदी, लिहिले जातात. पेशंटचे रिपोर्ट तयार होतात. लाइट जाते, बॅटरी संपते, सर्व्हर बंद होऊन पुन्हा सुरू होतो. कशावर लक्ष ठेवायचं आणि कशावर नाही, हे सांगितलंच नाही तर ते बिचारं सगळ्यावरच बोंब मारणार. इथं कुणी काहीच सांगितलं नव्हतं.

दोन सर्व्हर होते. मी तीन दिवस बसले. लॉगचे फोल्डर वगळले. रिपोर्टचे वगळले. बॅकअपचे वगळले. सिस्टिमच्या फाइली, पासवर्डच्या फाइली आणि तपासणीची मशीनं सर्व्हरला जोडणाऱ्या इंटरफेसचं फोल्डर, एवढं ठेवलं. बाराशे मेल दिवसाला चार-पाचवर आले.

जगतापसाहेबांचं तरीही समाधान नाही.

“हे इंटरफेसचं फोल्डर पण काढा की. मशीनवाल्यांचा इंजिनिअर लांबून त्यात सारखा काहीतरी करत असतो. उगाच मेल येतात.”

“साहेब, मशीनचा आकडा त्याच फोल्डरमधून रिपोर्टवर जातो. तेच काढलं तर हे सॉफ्टवेअर ठेवायचं कशाला?”

“चेकलिस्टसाठी.”

मी ते फोल्डर काढलं नाही, आणि का काढलं नाही ते मेलवर लिहून कळवलं. उत्तर आलं नाही. आणखी एक मागणी केली. मशीनवाले, मी, जगतापसाहेब, सगळे एकाच ‘रूट’, म्हणजे सर्व्हरवर काहीही करू शकणाऱ्या, अकाउंटनं लॉगिन करत होतो. पासवर्ड एकच, तोही सर्व्हरच्या कीबोर्डखाली चिठ्ठीवर चिकटवलेला. प्रत्येकाला वेगळं अकाउंट द्या, म्हटलं. त्यावर उत्तर आलं : “पुढच्या महिन्यात बघू.”

तीन आठवडे गेले. सोमवारी सकाळी दहाला मी मेल उघडला. शनिवारी दुपारी सव्वाचारचा एक अलर्ट पडलेला. इंटरफेसच्या फोल्डरमधली एक फाइल बदलली होती. शनिवारचा हा मेल मी सोमवारी वाचला, ही माझी चूक. तेरखेड्याला मावसबहिणीकडे लग्न होतं, फोन पर्समध्ये होता. मेल जगतापसाहेबांनाही गेला होता. पण त्यांनी माझ्या नकळत एक नियम लावून ठेवला होता : विषयात अलर्ट असेल तो मेल थेट कचऱ्यात.

मी मशीनवाल्यांना फोन लावला. त्यांचा इंजिनिअर म्हणाला, “आम्ही काहीच केलं नाही मॅडम.”

“शनिवारी कुणी लॉगिन केलं होतं?”

“आमच्याकडून कुणीच नाही.”

सर्व्हरवर बघितलं. शनिवारी चार वाजता रूट आत आला होता. पण रूट म्हणजे कोण? सगळेच रूट. बाहेरचा कुणी पासवर्ड चोरून आला असता तरी तिथं तेच दिसलं असतं.

जगतापसाहेबांना फोन केला. “साहेब, उलगडा होईपर्यंत रिपोर्ट थांबवा.”

“रिपोर्ट थांबवा? बाहेर चाळीस पेशंट बसलेत उपाशीपोटी! त्यांना काय सांगू, मॅडमना मेल आलाय म्हणून?”

“फाइल बदललीय साहेब.”

“बदलली असेल. लॅब तर चालू आहे ना? मग झालं.”

फोन ठेवला. शुक्रवारच्या बॅकअपमधली जुनी फाइल काढली, नवीच्या शेजारी ठेवली. फरक फक्त एका ओळीचा. युरियाच्या तपासणीपुढं एक नवी ओळ आली होती : मशीनकडून येणाऱ्या आकड्याला २.१४ नं गुणा.

मला कॉम्प्युटर कळतो, युरिया कळत नाही. म्हणून लॅबच्या मुरुमच्या सेंटरला फोन लावला; सगळ्या सेंटरचे रिपोर्ट याच सर्व्हरवरून निघतात. तिथं महादप्पा अण्णा आहेत. तीस वर्षांचे जुने टेक्निशियन. रिपोर्टवर नजर टाकून माणूस काय खातो ते सांगतील.

“अण्णा, युरियाचा आणि दोन पॉइंट चौदाचा काय संबंध?”

“हाय की. काही मशिनी युरियातला नुसता नायट्रोजन मोजत्यात. त्याला दोन पॉइंट चौदानं गुणलं की युरिया निघतो. का वो?”

“तुमचं मशीन काय मोजतं?”

“आमचं थेट युरियाच देतंय. गुणायची गरजच न्हाय.”

“मग आत्ताचा एखादा पेशंट बघा. मशीनच्या स्क्रीनवर किती आणि छापलेल्या रिपोर्टवर किती?”

अण्णांनी फोन टेबलावर ठेवला. खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“मॅडम.”

“बोला.”

“स्क्रीनवर एकतीस हाय. कागदावर सहासष्ट.” पुढचं वाक्य त्यांनी हळू आवाजात म्हटलं. “म्हंजी शनवारपासनं म्या चांगल्या लोकास्नी किडनीचा आजार वाटायलोय की!”

यावेळी मी जगतापसाहेबांना फोन केला नाही. लॅबच्या मालकीणबाई, त्या डॉक्टर आहेत, त्यांना थेट केला. त्यांनी पूर्ण ऐकूनही घेतलं नाही. “युरियाचे सगळे रिपोर्ट थांबवा,” एवढंच म्हणाल्या. मी जुनी फाइल परत ठेवली. अण्णांनी मशीनमधले मूळ आकडे काढून यादी केली. शनिवार दुपारपासून एकट्या मुरुमचे सव्वीस जण चुकीचा रिपोर्ट घेऊन घरी गेले होते; बाकीच्या सेंटरनीही अशाच याद्या केल्या.

मग अण्णा एकेकाला फोन करत बसले. एका बाईंची बीपीची गोळी गावातल्या डॉक्टरांनी बंद केली होती. किडनीला त्रास नको म्हणून. त्यांचं डोकं कालपासून ठणकत होतं. लॅबच्या डॉक्टरांनी स्वतः त्या डॉक्टरांशी बोलून ती गोळी पुन्हा सुरू करायला लावली. एका निवृत्त गुरुजींचं हर्नियाचं ऑपरेशन पुढं ढकललं होतं. ते मुलाला घेऊन किडनीच्या डॉक्टरांकडे सोलापूरला निघाले होते. फोन लागला तेव्हा एसटी नळदुर्गच्या पुढं गेलेली.

अण्णांनी मलाही त्या कॉलवर जोडून घेतलं होतं, त्यांनी गुरुजींना काय सांगितलं ते मी ऐकत होते.

“गुरुजी, तुमची किडनी चांगली हाय. आमचा कागद चुकलाय. म्या महादप्पा बोलतोय, मुरुमहून.”

“व्हय?” पलीकडून आवाज आला. “पोरगं दोन रात्री जेवलं न्हाय रे महादप्पा.”

अण्णांनी पुढचं बोलणं माझ्यावर टाकलं. “मॅडमशी बोला,” म्हणाले. मी माफी मागितली. गुरुजी म्हणाले, “तुमी कशाला मागताय माफी? ज्यानं केलंय त्यानं मागावी.”

नायट्रोजन मोजणारं मशीन कोणत्या सेंटरला आहे ते शोधलं, तेव्हा ज्यानं केलं तो संध्याकाळी सापडला. मशीनवाल्यांचाच इंजिनिअर, सकाळी नाही म्हणणारा. परंड्याच्या सेंटरला नवं मशीन बसलं होतं. ते नायट्रोजन मोजणारं. त्याच्यासाठी त्यानं ती ओळ टाकली, पण ती परंड्यापुरतीच ठेवायला विसरला. सगळ्या सेंटरना लागू झाली.

“सकाळी नाही का म्हणालात?” लॅबच्या डॉक्टरांनी सगळ्यांना बोलावून घेतलेल्या मीटिंगमध्ये विचारलं.

“मॅडम, मला वाटलं सर्व्हर हॅक झालाय का विचारतायत. मी काही हॅक केलं नव्हतं. एकच तर ओळ होती.”

जगतापसाहेब लगेच म्हणाले, “बघा, बाहेरचं कुणी शिरलंच नव्हतं. मग त्या सॉफ्टवेअरचा उपयोग काय?”

मी डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “जगताप, तुमचा तो कचऱ्याचा नियम आत्ता, माझ्यासमोर काढा.”

आता रूटचा पासवर्ड माझ्याकडे आणि डॉक्टरांकडे आहे. मशीनवाल्यांना वेगळं अकाउंट आहे. काही बदलायचं असेल तर आधी एक कागद भरावा लागतो आणि बदलानंतर अण्णा प्रत्येक सेंटरचा एक नमुना स्क्रीनशी ताडून बघतात. इंटरफेसचा अलर्ट आला की मेलबरोबर माझ्या फोनवर मेसेजही येतो, आणि उलगडा होईपर्यंत रिपोर्ट थांबवायचा अधिकार डॉक्टरांनी मला लेखी दिलाय. मशीनवाले अजून कुरकुर करतात, की एका ओळीसाठी पान भरावं लागतं. भरतात मात्र.

बाहेरचा चोर आजवर एकदाही सापडलेला नाही. जे सापडले ते सगळे आपलेच, घाईत असलेले. सॉफ्टवेअर फक्त बदललंय म्हणून सांगतं. का बदललं, हे माणसालाच विचारावं लागतं, आणि त्या माणसाला काम थांबवायचा अधिकार लेखी द्यावा लागतो. तोंडी दिलेला अधिकार बाहेर चाळीस पेशंट बसले की टिकत नाही.